साहेबाच्या ताटाची डावी बाजू

मराठी माणसाची इंग्रजी खाण्याशी एक गाजलेली जाहीर झटापट चहा-बिस्किटांवरून झाली, आणि ती लावून देणारे गृहस्थ एके काळी कल्याणला पोस्टात कारकून होते. गोपाळराव जोशी त्यांचं नाव. कल्याणच्या जोशांची यमुना त्यांना दिली होती. अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेल्या आनंदीबाई त्या याच. पुढे १८९० साली गोपाळरावांनी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातली बडी मंडळी जमवली. व्याख्यान झालं आणि मागोमाग चहा-बिस्किटं आली. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. कोणी कप तोंडाला लावला, कोणी संकोचाने नुसताच समोर ठेवला. गोपाळरावांनी मात्र भेदभाव केला नाही. सगळ्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली. ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. एका बशीभर बिस्किटांनी एवढी कागदपत्रं त्याआधी आणि त्यानंतर कुठे निर्माण केली असतील असं वाटत नाही.

आज डोंबिवली पूर्वेला सकाळी सहाला दूधवाला येऊन गेला की जे आजोबा कपात मारी बिस्कीट बुडवतात, त्यांना कोणी प्रायश्चित्त विचारत नाही. ते बिस्कीट लंडनच्या पीक फ्रीन कंपनीने १८७४ साली रशियाच्या राजकन्येचं इंग्लंडच्या राजपुत्राशी लग्न झालं, त्या निमित्ताने काढलं. आजोबांना हे सांगितलं तर ते म्हणतील, “असेल. पण अलीकडे पूर्वीसारखं राहिलं नाही.” त्यांच्या पाठोपाठ घरातला शाळकरी मुलगा ब्रेड-बटर-जॅम खातो, दुपारच्या डब्यात बीट घातलेलं कटलेट जातं आणि रविवारी पाहुणे आले तर फ्रूट कस्टर्ड होतं. आणि हेच घर रात्री टीव्हीसमोर बसून एकमुखाने निकाल देतं की इंग्रजांना खाण्यातलं काही म्हणता काही कळत नाही. सगळं उकडलेलं, सगळं सपक.

या आरोपात तथ्य नाही असं नाही. इसाबेला बीटनबाईंचं गृहव्यवस्थेवरचं जाडजूड पुस्तक १८६१ साली आलं आणि पुढे इंग्रज घरांत आपल्याकडे ‘रुचिरा’ असते तसं ठाण मांडून बसलं. बाईंनी त्यात मोठी गाजरं पावणेदोन ते सव्वादोन तास उकडायला सांगितली आहेत. सव्वादोन तासांत माणूस कल्याणहून सीएसएमटीला जाऊन, फलाटावर चहा पिऊन परत येतो. एवढा वेळ उकळत ठेवलेल्या गाजराला चव उरत नाही हे खरंच. पण ते गाजर आहे याचा पुरावा तरी उरत असेल का, ही शंका आहे.

पुढे दुसरं महायुद्ध आलं आणि उरलीसुरली चव रेशनवर गेली. ब्रिटनमधलं अन्नाचं रेशनिंग ८ जानेवारी १९४० ला सुरू झालं ते ४ जुलै १९५४ ला संपलं. म्हणजे युद्ध जिंकल्यावरही नऊ वर्षं विजेते शिधापत्रिका घेऊन रांगेत होते. चहा माणशी आठवड्याला दोन औंस, सुमारे ५७ ग्रॅम. डोंबिवलीतल्या मध्यम आकाराच्या घरात, त्यातून कोणी सासरहून आलेलं असेल, तर एवढी पावडर पहिल्याच दिवशी संपेल. चौदा वर्षं असं काढलेल्या पिढीच्या हातचं खाऊन जी मुलं मोठी झाली, त्यांना ‘थोडं तिखट घालू का?’ असं विचारणं म्हणजे चैनीची गोष्ट.

पण खटल्याची दुसरी बाजू कोणी मांडत नाही, आणि ती ताटाच्या डाव्या बाजूला आहे.

मराठी ताटाची रचना बघा. मधोमध मूद, वर साधं वरण, तूप. यात तिखट काय आहे? काहीच नाही. नुसता वरणभात परक्या माणसाला खायला दिला तर तोही म्हणेल की या लोकांना खाण्यातलं कळत नाही. ताटाला अर्थ येतो तो डावीकडून: मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, पापड. इंग्रजी ताटाची रचना अगदी हीच आहे. मधे भाजलेलं मांस, उकडलेला बटाटा, वाटाणे. सगळं वरणभाताइतकं सोवळं. मग बाजूला मोहरी येते. कोलमन कंपनी १८१४ पासून ती विकते, आणि ती नाकात अशी चढते की डोळ्यांतून पाणी येतं. ही दुसरी तिसरी कोणी नसून आपली फेसलेली मोहरीच. बीफबरोबर हॉर्सरॅडिशचा ठसका, मटणाबरोबर पुदिन्याचा आंबट सॉस, चीझबरोबर १९२२ पासून ब्रॅन्स्टन गावाच्या नावाने विकलं जाणारं काळपट, आंबटगोड लोणचं, बटाट्याच्या चिप्सवर व्हिनेगर. इंग्रज स्वयंपाकघरात तिखटमीठ घालत नाही, जेवणाऱ्याच्या हातात देतो. डोंबिवलीहून गेलेला पाहुणा संकोचाने त्या बाटल्यांना हात लावत नाही, मधलं तेवढं खातो आणि परत येऊन सपक म्हणून सांगतो. कोशिंबीर-चटणी न घेता वरणभात खाऊन उठलेल्या जावयाने सासरची बदनामी करावी, तसं हे झालं.

यातली सगळ्यात गमतीची बाटली म्हणजे एचपी सॉस. नॉटिंगहॅमच्या गार्टन नावाच्या किराणा दुकानदाराने १८९५ मध्ये हे नाव नोंदवलं. बाटलीवर ब्रिटिश पार्लमेंटचं चित्र. आत काय? टोमॅटो आणि व्हिनेगर आहेतच. शिवाय चिंच, खजूर आणि काकवी. ठाण्यात तलावपाळीवर कोणत्याही भेळवाल्याला ही तीन नावं सांगितली तर तो पुढचं न ऐकता विचारेल, “गोड जास्त करू का तिखट?” लंडनच्या संसदेचा शिक्का मारून सव्वाशे वर्षं विकली जाते आहे ती भेळेची गोड चटणी, आणि इंग्रज ती सकाळी उठून सॉसेजवर ओततो. वूस्टरशर सॉसचं तेच. लिआ आणि पेरिन्स या दोन औषधविक्यांनी १८३७ पासून तो विकायला काढला. त्यातही चिंच आहे. मात्र त्यात मांदेलीच्या कुळातले छोटे मासेही मुरवलेले असतात, म्हणून चीझ टोस्टवर तो शिंपडून “काय छान आंबूस लागतंय” म्हणणाऱ्या शाकाहारी काकूंना हे वाक्य वाचून दाखवू नये.

डावीकडचं हे महत्त्व जगायला बाहेर गेलेल्या मराठी माणसाला कोणी शिकवावं लागत नाही. ठाण्याच्या घोडबंदर रोडवरून किंवा कल्याणच्या खडकपाड्याहून एखादी मुलगी लेस्टरला नाहीतर लीड्सला शिकायला निघते, तेव्हा तिच्या बॅगेची आदल्या रात्रीची अवस्था पाहावी. तेवीस किलोंची मर्यादा, आणि ब्रिटनचा नियम असा की भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायचे नाहीत. म्हणजे तूप गेलं, पेढे गेले, आजीने रात्रभर बांधलेला चक्का गेला. उरलं ते मेतकूट, गोडा मसाला, जवसाची चटणी, लसणीची चटणी, लिंबाचं गोड लोणचं, पोह्याचे पापड, भाजणी. बॅग पुन्हा पुन्हा वजनकाट्यावर चढते आणि दर वेळी बाहेर निघतो तो स्वेटर. जे जातं ते जवळजवळ सगळं डावीकडचं; उजवीकडचं तिथे मिळेल, असा आईचा हिशेब असतो आणि तो बरोबर असतो.

एका मराठी विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र ही गोष्ट विनोदाची नव्हती. डॉ. आंबेडकर १९२० साली अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडनला गेले, तेव्हा ज्या घरी राहिले तिथली मालकीण कडक आणि आखडत्या हाताची. तिच्याकडच्या खाण्याने पोट भरायचं नाही. धनंजय कीरांच्या चरित्रात आहे की एका परिचिताने दिलेले पापड त्यांच्याजवळ होते. रात्री उशिरा त्यातले मोजके भाजायचे, बरोबर कपभर दूध, आणि पुन्हा वाचायला बसायचं. पहाटेपर्यंत. इंग्रजी खाणावळीचं यापेक्षा नेमकं परीक्षण मराठीत दुसरं नाही.

आता आजच्या विद्यार्थ्याकडे येऊ. पहिल्या आठवड्यात त्याची ओळख होते ती टोस्टवर ओतलेल्या बेक्ड बीन्सशी. इंग्लंडमधला हा सगळ्यात साधा, सगळ्यात घरगुती खाना. पांढऱ्या घेवड्याचे दाणे, टोमॅटोचा गोडसर रस, खाली भाजलेला पाव. हाइन्झ ही मुळात अमेरिकन कंपनी. १८८६ मध्ये लंडनच्या फोर्टनम अँड मेसन या उंची दुकानात तिचा माल पहिल्यांदा विकला गेला. आज विगनजवळच्या तिच्या कारखान्यातून डबे बाहेर पडतात आणि अख्खा देश ते आपलंच म्हणून खातो. ठाण्याच्या मुलाला हे बघून पहिल्यांदा हसू येतं, मग भूक लागते, मग लक्षात येतं की ही उसळ-पाव आहे. गूळ जास्त झालेली, फोडणी विसरलेली, पण उसळ-पावच. दुसऱ्या आठवड्यात तो कढल्यात तेल तापवतो, जिरं, हिंग, चिमूटभर गोडा मसाला आणि वर तो डबा. खोलीभर धूर होतो, छतावरचा अलार्म वाजतो, वसतिगृहातली दीडशे मुलं रात्री थंडीत खाली उतरतात. हिंगाने एवढी माणसं एकाच वेळी रस्त्यावर आणल्याचा अनुभव डोंबिवलीत येत नाही.

शाकाहाऱ्यांची परीक्षा याहून कडक. बटाट्याच्या चिप्स म्हणजे निर्धास्त, असं समजून यॉर्कशरमध्ये दुकानात शिरावं तर तिकडच्या कितीतरी दुकानांत तळणीला गाईबैलाची चरबी असते. जेलीत जिलेटिन, ख्रिसमसच्या मिन्स पायमध्ये वरवर दिसतात ते सुका मेवा आणि मसाले, पण जुन्या पद्धतीच्या सारणात पुन्हा चरबीच. मांसाहाऱ्यांची मात्र चंगळ, निदान कागदावर. ब्लॅक पुडिंग म्हणजे रक्ताचं सॉसेज हे ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी गावाकडची रक्ती आठवावी, आणि मेंढीचं काळीज-फुफ्फुस ओटमध्ये शिजवलेली स्कॉटिश हॅगिस बघून दचकणाऱ्याने रविवारी सकाळी मटणाच्या दुकानात वजडीसाठी लागलेली रांग. फसगत होते ती माशाशी. फिश अँड चिप्समधला कॉड सोललेला, काटे काढलेला, पिठाच्या जाड रजईत गुंडाळलेला येतो. चेंदणी कोळीवाड्यात वाढलेल्या माणसापुढे डोकं नाही, शेपूट नाही, काटा नाही असं काही ठेवलं तर तो आधी विचारणार, “हे कोणाचं?”

जेवणाच्या वेळेवरूनही डोंबिवलीकर बिचकतो. इंग्रज घरात संध्याकाळचं जेवण सहा-सातला आटोपतं. त्या वेळी डोंबिवलीकर मुलुंड आणि ठाण्याच्या मध्ये एका पायावर उभा असतो आणि त्याचं जेवण साडेनवाच्या आत झालं तर घरात कोणी आजारी आहे का असं शेजारी विचारतात. ठाण्यातले जैन शेजारी तेवढे चौविहारामुळे, म्हणजे सूर्यास्तानंतर न खाण्याच्या नेमामुळे, लीड्सच्या वेळेशी जुळतात. दुपारचं बोलायचं तर इंग्रज नोकरदार तिकोनी डबीतलं गार सँडविच संगणकासमोर बसून खातो. मार्क्स अँड स्पेन्सरने असली तयार सँडविचं १९८० मध्ये विकायला काढली आणि पुढे सगळ्या देशाचं दुपारचं जेवण त्यातच मावलं. यावर “गार कसं खातात हो?” असं विचारणाऱ्या माणसाच्या पोळ्या पहाटे पाचला लाटलेल्या असतात आणि तो त्या दीड वाजता खातो. मायक्रोवेव्हपुढची रांग मोठी असते, म्हणून गारच.

तसं पाहिलं तर इंग्रजी खाणं ठाणे-कल्याणला रेल्वेनेच आलं. पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पोचली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणपर्यंत गेले, आणि मग कल्याण जंक्शन झाल्यावर तिथल्या रेल्वे वसाहतीत अँग्लो-इंडियन कुटुंबं राहायला आली. ड्रायव्हर, गार्ड, फोरमन. त्यांच्या रविवारच्या जेवणात पिवळा भात, खिम्याच्या गोळ्यांचं कालवण आणि बाजूला डेव्हिल चटणी असे. ही चटणी कच्चा कांदा, लाल मिरची, व्हिनेगर यांची, आणि नावाला जागणारी. साहेबाच्या निम्म्या रक्ताने डावी बाजू अशी उचलून धरली होती. ती घरं पुढे पांगली, बरीच ऑस्ट्रेलियाला-इंग्लंडला गेली. कटलेट मागे राहिलं. त्यातलं मांस गेलं, बटाटा-गाजर-बीट आलं, बाहेर रवा लागला आणि ते इतकं आपलं झालं की चतुर्थीला चालेल का असंही कोणी विचारलं असेल.

विलायती न्याहारीचं चालतंफिरतं देवालय म्हणजे डेक्कन क्वीन. १ जून १९३० पासून ती धावते आहे, आणि तिच्या डायनिंग कारमध्ये टेबलाशी बसून चीझ टोस्ट, ऑम्लेट, कटलेट, बेक्ड बीन्स असा थाट करता येतो. पुणेकर तो निगुतीने, खिडकीबाहेर बघत, घाटात संपवतात. ठाणे-डोंबिवली-कल्याणच्या वाट्याला यातलं काय? गाडी इथे थांबत नाही. संध्याकाळी ती धडधडत जाते, त्या वेळी फलाटावर उभ्या असलेल्या शेकडो लोकांना कोणीतरी काट्याने ऑम्लेट कापताना अर्धा सेकंद दिसतं. वर त्यांच्याच लोकलला तिच्यासाठी बाजूला थांबवलेलं असतं. पुण्याला गेलेला नातेवाईक येताना कयानीची श्रूजबेरी बिस्किटं घेऊन आला तर तेवढीच भरपाई. ती श्रॉपशरमधल्या श्रूजबेरी गावाच्या नावाची, १९५५ पासून पुण्याच्या कॅम्पात भाजली जाणारी, आणि घरी आल्यावर पाहुण्यांपासून लपवली जाणारी.

आणि कस्टर्ड! बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या रसायनशास्त्र्याच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं. पण कस्टर्ड म्हणजे अंड्याचाच पदार्थ. नवऱ्याने १८३७ मध्ये कॉर्नफ्लोअरची, बिनअंड्याची पावडर तयार केली. त्या माउलीच्या पोटाने केवढे उपकार केले आहेत, याची कल्पना तिला असणं शक्य नाही. बिनअंड्याचं, पिवळंधमक, दुधात पाच मिनिटांत होणारं. सोवळ्यातल्या आजीलाही चालणारा हा एकमेव अस्सल इंग्रजी पदार्थ असेल. पुण्याच्या वेकफील्डने त्याचा डबा मराठी फडताळात पोचवला, त्यात केळं, चिकू, डाळिंब पडलं आणि फ्रूट सॅलड या नावाने ते लग्नाच्या पंगतीत श्रीखंडाच्या शेजारी जाऊन बसलं. त्याबरोबर पुरी खाणारा मराठी माणूस बर्डसाहेबाने पाहिला असता तर त्याने कदाचित पावडरच परत मागवली असती.

उलट दिशेची वाहतूकही चालू आहेच, आणि तिच्यातही ठाण्याचा हात आहे. मंदीत लंडनमधली नोकरी गेलेला ठाण्याचा सुजय सोहनी आणि त्याचा कॉलेजातला मित्र सुबोध जोशी यांनी २०१० साली हौन्स्लोमध्ये एका आइस्क्रीमच्या दुकानात थोडी जागा भाड्याने घेऊन वडापाव विकायला सुरुवात केली. किंमत एक पौंड. बातमी आली तेव्हा इकडे लोकांनी तातडीने गुणाकार केला: सत्तरेक रुपये! एवढ्यात तर ठाण्याच्या कुंजविहारला, नाहीतर कल्याणच्या खिडकी वड्याला, बिऱ्हाडच्या बिऱ्हाड जेवेल. पण इंग्रजाला तो महाग वाटला नाही आणि परकाही वाटला नसावा, कारण पावाला लोणी लावून त्यात तळलेल्या बटाट्याच्या चिप्स कोंबायच्या आणि वर एचपी सॉस ओतायचा, हे तो पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे. चिप बटी म्हणतात त्याला. बटाटा, तळण, पाव, आंबटगोड चटणी. बेसन तेवढं राहिलं होतं, ते सोहनी-जोशींनी पोचवलं.

आता तिथल्या एखाद्या गिऱ्हाइकाने वड्यावर टोमॅटो केचप मागितलं, तर ठाणेकराने लगेच भिवया उंचावू नयेत. सँडविचच्या उमरावाने अठराव्या शतकात दोन पावांमध्ये गोमांसाचा तुकडा ठेवून मागवला म्हणतात. त्याच्या नावावर राममारुती रोडला आणि फडके रोडला काय काय खपतं ते बघावं. उकडलेला बटाटा, बीट, काकडी, कांदा, हिरवी चटणी, वर मसाल्याची भुकटी, आणि सगळं झाल्यावर मूठभर बारीक शेव. शिवाय गाडीवाल्याने सहा तुकडे करून पुढे केले की मागणी असतेच: “भाऊ, चटणी जरा अजून द्या.”